यार्मोच्या खिडकीतला फोन

नवीन यंत्र बाजारात आलं आणि ते इल्पो हातायाच्या घरी पोचलं नाही, असं औलू शहरात सहसा व्हायचं नाही. झोप मोजणारं घड्याळ, पाइनच्या शेंड्यांवर घिरट्या घालणारं ड्रोन, समोरच्याचं बोलणं काचेवर लिहून दाखवणारा चष्मा. पंधरा दिवस त्या वस्तूचं घरात कौतुक चालायचं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवणं व्हायचं, आणि मग एक दिवस ती गुपचूप जिन्याखालच्या कपाटात जाऊन पडायची. त्याची बायको सिर्पा त्या कपाटाला कबरस्तान म्हणायची. तिथला झाडू काढायचा तरी मी आधी दार वाजवते, असं पाहुण्यांना सांगायची.

खिशात मात्र इल्पोच्या वर्षानुवर्षं एकच फोन होता, आणि तो जुना होता. इतका जुना की दुकानातली पोरं हातात घेऊन उलटासुलटा करून बघत. अंगाने जाड, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. पण अंगठ्याने स्क्रीन बाजूला रेटली की ती खट्कन सरकून तिरकी उभी राहायची आणि खालून बटणांच्या ओळी उघड्या व्हायच्या. खरी बटणं, दाबली की दबणारी. हातमोजा घालून, रस्त्याने चालताना, न बघता इल्पो त्यांच्यावर लिहायचा. बँकेसाठी आणि ऑफिससाठी दुसरा, सपाट काचेचा फोन त्याच्या बॅगेत असायचा. त्याला तो ‘कारकून’ म्हणायचा. कारकून काम चोख करतो, पण म्हणून त्याला कोणी घरी जेवायला बोलावत नाही.

या प्रेमाला कारण होतं. तो फोन बनला तेव्हा इल्पो तो बनवणाऱ्या कंपनीतच होता. कडाक्याच्या थंडीत बटणं कशी दबतात हे तपासायचं काम त्याच्याकडे होतं. शेजारच्या टेबलावर यार्मो किन्नुनेन बसायचा. तो प्रोग्राम लिहायचा. नोकरीचे तास संपल्यावर दोघांनी मिळून त्या फोनसाठी स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ टाकणाऱ्यांसाठी. कुठल्या भोकात, किती खोलीवर, काय लागलं, हे गारठलेल्या बोटांनी दोन बटणांत नोंदवता यायचं. बघता बघता तो प्रोग्राम उत्तरेतल्या सगळ्या तळ्यांवर पोचला. अनोळखी म्हातारे त्या दोघांना ओळखून आपल्या थर्मासमधली कॉफी पुढे करायचे. तेवढा मान इल्पोला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग कंपनीने वाट बदलली आणि इमारतीचे मजले एकेक करून रिकामे होऊ लागले. यार्मो म्हणाला, आपण दोघं बाहेर पडू, आपला प्रोग्राम नव्या काचेच्या फोनांसाठी पुन्हा लिहू. इल्पोने नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं. त्या फोनचे भक्त ज्या वेबसाइटवर जमायचे तिथे त्याने लिहिलं, ‘घराला आग लागली की काही जण बादली घेऊन धावतात आणि काही जण आधी आपले बूट उचलतात. यार्मो किन्नुनेनचे बूट छान आहेत.’ लोकांनी डोक्यावर घेतलं ते वाक्य. यार्मोने उत्तर दिलं नाही. थोड्याच दिवसांत बायकोला, ऐलाला, घेऊन तो तिच्या माहेरच्या गावी, तोर्निओ शहराच्या वर नदीकाठी, राहायला गेला.

औलूहून ते गाव काही फार लांब नाही. सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचावं. पण तेरा वर्षांत इल्पो त्या रस्त्याने गेला नाही. भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय तेही कळत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये फोन बिघडला. मिटलेला असला की चालायचा, उघडला की स्क्रीन काळी. दुखणं काय ते इल्पोला लगेच कळलं. स्क्रीनला खालच्या भागाशी जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी असते. इतकी वर्षं दुमडून दुमडून ती तडकली होती. परदेशातून मागवलेल्या दोन पट्ट्या नकली निघाल्या. त्यातली एक तर बसवतानाच फाटली. कबरस्तानातल्या कुठल्याही यंत्रासाठी त्याने एवढा जीव टाकला नव्हता. जेवताना फोन बशीशेजारी ठेवायचा, उघडायचा, काळी स्क्रीन बघायचा आणि मिटायचा. सिर्पा म्हणाली, माणसाचा ताप बघावा तसा सारखा काय बघतोस.

तेव्हा त्याला यार्मो आठवला. काम संपल्यावर त्यांच्या गटातल्या प्रत्येकाला दोन दोन फोन मिळाले होते. इल्पोने आपला दुसरा फोन सुट्या भागांसाठी केव्हाच संपवला होता. यार्मोने मात्र दुसऱ्याचा डबाही फोडला नव्हता. म्हातारपणी संग्रहालयाला विकीन, म्हणायचा.

नंबर तोच होता. पलीकडून “इल्पो?” एवढंच आलं. शनिवारी घरी असशील तर येईन म्हणतो, असं इल्पो म्हणाला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, यार्मोने विचारलं नाही. ये, राहायलाच ये, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

सिर्पाने वेलदोड्याचे गोड पाव भाजून दिले. पिशवी हातात देताना तिने विचारलं, “भेटायला चाललायस की पट्टीसाठी?”

“दोन्हींसाठी.”

“मग आधी काय बोलायचं ते गाडीत ठरव. तिथे उंबऱ्यात उभा राहून नको ठरवूस.”

गाडीत त्याने काही ठरवलं नाही. वाटेतल्या केमी गावापर्यंत गाणी ऐकली, पुढे नुसताच रस्ता बघत राहिला.

यार्मोच्या अंगणातला बर्फ ओढून चांगली ऐसपैस जागा केली होती. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघत होता. भिंतीशी बर्फाला भोक पाडायची दोन गिरमिटं टेकवलेली, शेजारी दोन आखूड गळकाठ्या. पाहुण्याची तयारी अशी दारापासून दिसत होती. यार्मो पायरीवर उभा होता. दाढी पांढरी झालेली, स्वेटर अंगावर लोंबणारा. त्याने हात हातात घेतला तो पटकन सोडला नाही.

“सुटलास की रे,” तो म्हणाला.

“तू वाळलास.”

“हां. सरासरी तीच राहिली.”

स्वयंपाकघरात सामन माशाचं सूप रटरटत होतं. खिडकीत रेडिओ लागला होता, नदीवर कुठे बर्फ अजून पक्का आहे ते सांगत होता. इल्पोने नीट बघितलं तर तो रेडिओ नव्हताच. फोन होता, हुबेहूब त्याच्या फोनसारखा, उघडून तिरका उभा केलेला. इयरफोनची तार एरियल म्हणून पडद्याच्या दांडीला गुंडाळली होती. स्क्रीन स्वच्छ उजळलेली होती. याची पट्टी शाबूत आहे, हे इल्पोच्या मनात आधी आलं. ऐला कुठे दिसत नाही, हे नंतर. त्या क्रमाची त्याला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

यार्मोने टेबलावर दोनच ताटल्या मांडल्या. सूप वाढताना, पाठमोराच, तो म्हणाला, “मे महिन्यात वर्ष होईल तिला जाऊन. सिर्पाने पेपरात वाचलं का?”

इल्पोने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. यार्मोने वळून बघितलं आणि हो धरून चालला.

“मला वाटलंच. कळल्याशिवाय तू कसला येतोस. पण आलास.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मला माहीत नव्हतं रे, एवढे चार शब्द. सूप गरम होतं, काळ्या पावावर लोणी लावलेलं होतं, समोरचा माणूस तेरा वर्षांनी त्याच्याकडे बघून हसला होता. इल्पोने चमचा उचलला.

जेवताना यार्मो ऐलाच्या आजारपणाचं सांगत राहिला. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. काचेच्या फोनवर बोट टेकलं की नाही तेच तिला कळेना, लिहायला जायची एक आणि उमटायचं भलतंच, रडकुंडीला यायची. मग घरात हा होता तो काढून दिला. बटण दबलेलं तिला आतपर्यंत जाणवायचं. बहिणींना लांबलचक मेसेज लिहायची. इल्पोची बटणं बघ कशी, माझ्यापेक्षा धडधाकट आहेत, म्हणायची. यार्मो हे सांगताना हसला, आणि इल्पोही हसला.

दुपारी ते नदीवर गेले. ऊन चांगलं पडलं होतं. भोकं पाडून दोघं पाठीला पाठ लावून बसले, पूर्वी बसायचे तसे. इल्पोने विचारलं तेव्हा यार्मोने प्रोग्रामचंही सांगितलं. एकट्याने वर्षभर झटून पाहिलं, जमलं नाही. लिहायला तो समर्थ होता, पण लिहिलेलं मोडून दाखवणारा कोणी जवळ नव्हता. शेवटी इथल्या शाळांचे संगणक सांभाळायची नोकरी धरली. तक्रार करत नव्हता, हवापाणी सांगावं तसं सांगत होता. चार पट्टेरी मासे मिळाले, त्यातला मोठा इल्पोच्या गळाला लागला.

संध्याकाळी सौनात वरच्या फळीवर बसल्यावर यार्मोने आपणहून तो विषय काढला.

“ते बुटांचं छान लिहिलं होतंस.”

इल्पोच्या अंगावरून घाम निथळत होता. तो म्हणाला, “मूर्खपणा होता.”

“होता,” यार्मो म्हणाला आणि त्याने तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. वाफ चरचरत वर आली, दोघांनी माना खाली घातल्या. तेरा वर्षांचं ओझं तेवढ्यात उतरलं. इल्पोला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं घालवली, हे इतकं सोपं होतं. माडीवरच्या खोलीत त्याच्यासाठी अंथरूण घालून ठेवलं होतं. झोपण्याआधी त्याने मनाशी ठरवलं, पट्टीचं नावही काढायचं नाही.

सकाळी यार्मोने कॉफी केली, त्या भागात घालतात तसे भाजलेल्या चीजचे तुकडे पेल्यात टाकून. इल्पोने आपली पिशवी भरून ठेवली होती. आता निघतो, असा मेसेज सिर्पाला करावा म्हणून त्याने खिशातून फोन काढला आणि सवयीने अंगठ्याने सरकवला. स्क्रीन काळी झाली.

“काय झालं त्याला?” यार्मोने विचारलं.

“पट्टी गेलीय.”

इथेही थांबता आलं असतं. पण यार्मोनेच विचारलंय, कालची वाफ अजून अंगात आहे, मित्र तो मित्र, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. सहज आठवल्यासारखा आवाज काढून तो म्हणाला, “तुझ्याकडे तो दुसरा होता ना रे? डबा न फोडलेला? पडून असेल तर त्यातली पट्टी चालली असती.”

यार्मोने पेला खाली ठेवला. “कधी गेली?”

“झाले तीनेक आठवडे.”

“म्हणजे मला फोन केलास तेव्हा गेलेली होती.”

“हो.”

“अच्छा,” यार्मो म्हणाला.

चुलीत लाकूड तडकलं. खिडकीतल्या रेडिओवर कोणीतरी शेतकामाच्या हवामानाबद्दल बोलत होतं. यार्मोने एक चीजचा तुकडा चमच्याने पेल्यात बुडवला, वर आला, पुन्हा बुडवला.

“डबा ऐलासाठी फोडला,” तो म्हणाला. “माझा वापरातला होता, तो तेव्हाच औलूत नदीत टाकला. तुझं ते बुटांचं वाचलं त्या दिवशी. हा एवढा एकच आहे घरात.”

“मग राहू दे. मी आपलं सहज विचारलं.”

“ऐलाचं तुला माहीत नव्हतं. हो ना?”

इल्पोने मान खाली घातली. या वेळी तिचा अर्थ यार्मोला बरोबर लागला.

तो उठला. दांडीवरची तार त्याने सावकाश सोडवली, तशी खिडकीतला आवाज खरखरला आणि बंद पडला. मग कपाटातून बारीक स्क्रू-ड्रायव्हरांची पेटी काढली, टेबलावर टॉवेल पसरला आणि त्यावर फोन पालथा ठेवला.

“यार्मो, नको.”

“यासाठीच आलास ना तू? मग रिकाम्या हाताने कसा जाशील? फेरी फुकट जाईल.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर इल्पोला सोपं गेलं असतं. यार्मोचे हात पूर्वीसारखेच बेताने चालत होते. एकेक स्क्रू काढून तो टॉवेलवर रांगेत ठेवत होता. इल्पोचा हात टेबलावर होता. पुढे करून तो फोनवर ठेवला असता तर सगळं थांबलं असतं, एवढंच अंतर होतं. तो हात त्याने का उचलला नाही, हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याचं अर्धं लक्ष पट्टीकडे होतं. या जागी ती हमखास फाटते, चिमटा जरा तिरका धरायला हवा, हे तो मनात म्हणत होता. पट्टी अखंड बाहेर आली तेव्हा त्याने श्वास सोडला. स्वयंपाकघर इतकं शांत होतं की यार्मोला तो ऐकू गेला. त्याने मान वर करून इल्पोकडे एकदा बघितलं, बस्स.

कॉफीच्या गाळणीच्या कागदात पट्टी गुंडाळून त्याने टेबलावरून पुढे सरकवली. बाकीचा फोन पुन्हा जोडला आणि मिटून खिडकीत होता तिथे ठेवला. तार मात्र परत लावली नाही. इल्पो निघाला तेव्हा तो पायरीपर्यंत आला, सिर्पाला पावांबद्दल आभार कळव म्हणाला, रस्त्यावर हरणं असतील, जपून जा म्हणाला. जे जे बोलायचं असतं ते सगळं बोलला.

घरी आल्यावर सिर्पाने पहिलं हेच विचारलं, की आधी काय बोललास. इल्पोने तिला ऐलाचं सांगितलं. दर नाताळात ऐलाचं कार्ड यायचं, या खेपेला आलं नाही हे तिच्या लक्षात आलं होतं आणि तिने ते तसंच सोडून दिलं होतं. मग इल्पोने बाकीचंही सांगितलं, काही न वगळता. तिने त्याला बोल लावले नाहीत. नुसतं विचारलं, “आणि तू घेतलीस?”

“घेतली.”

पट्टी आठवडाभर गाळणीच्या कागदातच राहिली. परत पाठवावी असं त्याने ठरवलं होतं, पाकीटही आणलं होतं. पण परत पाठवणं म्हणजे यार्मोच्या हातांना तेच काम पुन्हा लावणं, असं एक कारण त्याने शोधून काढलं, आणि एका रविवारी पट्टी बसवली. फोन झकास चालला. बटणांमागचा दिवा लागला, अंगठे आपोआप जागेवर गेले आणि इल्पोला आनंद झाला. नेहमी होतो तसाच, जराही कमी नाही. तो आनंद झाला नसता तर बरं, असं त्याला वाटलं. पण झाला, आणि पुढेही होत राहिला.

त्याच फोनवरून त्याने यार्मोला लिहिलं. लिहिलं आणि खोडलं, असं पुष्कळ झालं. शेवटी गेलं ते एवढंच, की माझं चुकलं. यार्मोचं उत्तर आलं, ‘चालतोय ना? मग बरं झालं.’ इल्पोने चांगल्यातला रेडिओ विकत घेऊन पोस्टाने पाठवला. त्याचेही दोन शब्दांत आभार आले. जूनमध्ये मध्य-उन्हाळ्याच्या सणाला आमच्याकडे ये, असं सिर्पाने यार्मोला स्वतः फोन करून सांगितलं. तेव्हा नदीत सीका मासे चढतात, जाळं सोडून येता येणार नाही, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

सप्टेंबरात इल्पो न सांगताच गेला. बर्चची झाडं पिवळी पडली होती. यार्मो अंगणात हिवाळ्याची लाकडं रचत होता. गाडीतून उतरणाऱ्या इल्पोला त्याने बघितलं, हातमोजे काढले आणि किंचित हसून विचारलं,

“आता काय बिघडलं?”

टोमणा नव्हता तो. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक दिसलं की विचारतात, तसं विचारलं होतं.

“काही नाही. असाच आलो.”

यार्मोने मान डोलावली. कॉफी त्याने बाहेर पायरीवरच आणून दिली. सौना थंड होता. इल्पोने मग न विचारता लाकडं द्यायला सुरुवात केली, यार्मो रचत गेला, आणि रांग पुरी होईपर्यंत दोघांनी काम केलं. बोलणं झालं ते लाकडांचंच. ओलं कुठलं, वाळलेलं कुठलं, यंदाची थंडी कशी पडेल. खिडकीकडे इल्पोने बघायचं टाळलं. निघताना यार्मो म्हणाला, “पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी फोन कर.” हे बोलावणं होतं की दार ओढून घेणं, ते इल्पोला कळलं नाही.

तेव्हापासून तो अधूनमधून यार्मोला फोन करतो. कधी उचलला जातो, कधी नाही. उचलला तर दोघं नदीचं बोलतात, बर्फ धरला का विचारतात, सिर्पाची चौकशी होते. ऐलाचं नाव त्या बोलण्यात परत कधी आलं नाही.